कामगारांवर केलेला खर्च परत येतो का? (सांवेर रोडवरून)

मोल्डवाला

नमस्कार मंडळी. इंदूरच्या सांवेर रोडला आमचं प्लास्टिक मोल्डिंगचं युनिट आहे. बाटल्यांची बुचं, डबे, थोडं औषध कंपन्यांचं पॅकिंग. वडिलांनी सुरू केलं, आता मी आणि चुलतभाऊ बघतो. पंचेचाळीस माणसं, दोन पाळ्या. धंदा बरा आहे, पण माणसं टिकत नाहीत. होळीआधी झाबुआ-अलिराजपूरची पोरं भगोरियाच्या जत्रेला जातात, त्यातली निम्मीच परत येतात. मे महिन्यात खाडे इतके की दोन मशिनं उभीच असतात. ऑपरेटर आपण तयार करायचा आणि शेजारच्या शेडमध्ये पाचशे रुपये जास्त मिळाले की त्याने उठून जायचं, हे बारा महिने चालू.

गेल्या आठवड्यात विजयनगरच्या एका कंपनीचा मुलगा आला होता. एम्प्लॉयी वेलनेस. मोबाइलवर अ‍ॅप, महिन्यातून एकदा ऑनलाइन योग, समुपदेशकाचा फोन नंबर, वर्षाला एक तपासणी शिबिर. माणशी महिना दोनशे रुपये, म्हणजे वर्षाचे १,०८,०००. त्याच्या सादरीकरणात एक पान होतं: एका रुपयाला तीन रुपये परत. भावाला पटलं. मी विचारलं, हे तीन रुपये माझ्या कोणत्या खात्यात दिसणार? तर म्हणाला, "सर, ग्लोबल स्टडी आहे."

खर्च करायची तयारी आहे. प्रश्न असा की अ‍ॅप, पगारवाढ, शेडमध्ये कूलर की कॅन्टीन? आणि फायदा झाला हे ओळखायचं कसं? "कामगार म्हणजे देव" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, ते मला घरी आईकडून मिळतात.

सराफा_रात्री_१२

वाचतोय. (कॅन्टीनमध्ये पोहे-जिलबी असेल तर मीच कामाला येतो भिया.)

सुपरकॉरिडॉर

आयटी कंपनीत एचआरमध्ये आहे. असलं अ‍ॅप आमच्याकडे होतं. पावलं मोजायची स्पर्धा, जिंकणाऱ्याला पाण्याची बाटली. दरवेळी तीच मंडळी जिंकायची जी आधीपासूनच पहाटे पळायला जात होती. ज्याला साखर आहे, ज्याची पाठ धरली आहे, तो अ‍ॅप उघडतच नव्हता.

त्या 'एकाला तीन'चा उगम सांगते. २०१० साली बेकर, कटलर आणि साँग या अमेरिकी अभ्यासकांनी जुने अभ्यास एकत्र करून आढावा घेतला. निष्कर्ष असा की वेलनेसवर एक डॉलर घातला की औषधोपचाराचा खर्च सुमारे ३.२७ डॉलरनी कमी होतो आणि गैरहजेरीचा २.७३ डॉलरनी. हा आकडा जगभरच्या विक्रेत्यांनी उचलला. पुढे काय झालं ते मात्र त्यांच्या पानावर नसतं.

पुढे इलिनॉय विद्यापीठात सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. कार्यक्रमात कोणाला घ्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. २०१९ मध्ये निकाल छापून आला: औषधखर्चात, गैरहजेरीत, कामात म्हणावा असा फरक नाही. गंमत पुढे आहे. तीच माहिती त्यांनी जुन्या पद्धतीने लावून पाहिली, म्हणजे आपणहून भाग घेणारे एका बाजूला आणि न घेणारे दुसऱ्या बाजूला. तसं केल्यावर मात्र भरघोस फायदा दिसला! कारण भाग घेणारे मुळातच धडधाकट होते. अ‍ॅप लोकांना निरोगी करत नव्हतं, निरोगी लोक अ‍ॅप वापरत होते.

आणि २०१० च्या आढाव्यातल्याच साँग आणि बेकर यांनी २०१९ मध्ये एका घाऊक दुकानसाखळीत १६० ठिकाणी, सुमारे ३३,००० कामगारांवर तसाच प्रयोग केला. दीड वर्षानंतर लोक 'आम्ही व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो' असं थोडं जास्त सांगत होते. रक्तदाब, साखर, खाडे, दवाखान्याचा खर्च सगळं होतं तिथेच. स्वतःचाच आकडा परत तपासायला धाडस लागतं, म्हणून या दोघांचं मला कौतुक आहे.

मोल्डवाला

ताई, हा प्रतिसाद छापून भावाच्या टेबलावर ठेवतो. म्हणजे एक लाख वाचले.

हिशेबनीस

वाचले असं इतक्यात म्हणू नका. आयुष्यभर कारखान्यांचे कॉस्टिंगचे कागद पाहिले आहेत म्हणून सांगतो. वीज, कच्चा माल, पगार, सगळ्याला तुमच्या वहीत खातं आहे. माणूस सोडून गेला त्याचा खर्च कुठे लिहिता? कुठेच नाही. तो रिजेक्शनमध्ये (बाद झालेल्या मालात) जातो, उभ्या मशिनीच्या तासांत जातो, सुपरवायझर नव्याला शिकवत बसतो त्या वेळेत जातो. साचा चुकीचा बंद करून कोणी ठोकला तर त्याच्या दुरुस्तीत जातो. खातं नाही म्हणून मालकाला वाटतं की माणूस गेला तर पगारच वाचला.

१९१३ साली हेन्री फोर्डला नेमकं हेच दुखणं होतं. सुमारे १४,००० माणसं कामावर टिकवायला वर्षात ५२,००० च्या वर भरती करावी लागली. गळती ३७० टक्के. सरकती पट्टी आल्यापासून काम इतकं कंटाळवाणं झालं होतं की माणसं आठवड्याभरात पळ काढत. जानेवारी १९१४ मध्ये त्याने दिवसाला पाच डॉलर जाहीर केले. आधीच्या मजुरीच्या दुपटीच्या आसपास. शिवाय नऊ तासांची पाळी आठवर आणली. गळती आणि खाडे दोन्ही कोसळले. कामगारांनी आपल्याच गाड्या विकत घ्याव्यात म्हणून पगार वाढवला, ही कथा तुम्ही ऐकली असेल. हिशेबात ती बसत नाही. तेव्हा त्याच्या गाड्या वर्षाला दीड लाखाच्या वर खपत होत्या. चौदा हजार गिऱ्हाइकं घरातलीच मिळवण्यासाठी कोणी पगार दुप्पट करत नाही. त्याला माणसं टिकवायची होती, बास.

तुम्ही एवढं करा. गेल्या वर्षाच्या हजेरीपटावर नवी नावं किती लागली ते मोजा. मग नव्या माणसाच्या पहिल्या महिन्याचं रिजेक्शन जुन्या माणसाच्या रिजेक्शनशेजारी मांडा. जो फरक येईल तो रुपयांत लिहा. नंतर इथे या, मग पाचशे रुपये महाग की स्वस्त ते बोलू.

नंदानगर

काका, फोर्डची अर्धी गोष्ट राहिली. ते पाच डॉलर सरसकट नव्हते. त्यातला मोठा भाग नफ्यातला वाटा म्हणून अटींवर मिळे, आणि अटी पाळल्या जातात का हे बघायला कंपनीची माणसं कामगारांच्या घरी जात. घर स्वच्छ आहे का, दारू पितो का, पैसे कुठे घालवतो. आजचं अ‍ॅप झोप आणि पावलं मोजून मालकाला कळवतं, त्याची ही पणजी. कल्याण करणारा घरात शिरायला बघतो, ही जुनीच खोड आहे.

आणि आपल्याच गावाचं बघू या. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद पडली. पाच हजारांच्या वर कामगार रस्त्यावर. त्यांच्या देण्यांचा सुमारे २२४ कोटींचा धनादेश सुपूर्द झाला तो २५ डिसेंबर २०२३ ला. ३२ वर्षं! कित्येकांचे वारस रांगेत होते. त्या काळात व्याजाने काढलेले पैसे, पोरांच्या सुटलेल्या शाळा, विकलेली घरं कोणत्या ताळेबंदात आली? इथे 'परतावा किती' हा प्रश्न आला की मला आधी विचारावंसं वाटतं की माणसाने कमावलेलं त्याला वेळेवर मिळतंय का.

नंदानगरची कामगार वस्ती, विम्याचा दवाखाना, अनंत चतुर्दशीच्या गिरण्यांच्या झाँक्या (चित्ररथ) यांना कोणी वेलनेस म्हटलं नाही. त्यामागे संघटना होत्या, द्रविड, रामसिंहभाई, होमी दाजी यांच्यासारखे कामगार नेते होते. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी मागणी लावून धरली म्हणून. मालकांना सुट्टीत परतावा दिसला म्हणून नाही.

मोल्डवाला भाऊ, एक विचारतो. ईएसआय (कामगार विमा), पीएफ सगळ्यांचा आहे? ठेकेदाराच्या हमालांसकट?

मोल्डवाला

आमच्या रोलवरच्या प्रत्येकाचा आहे. हमाल ठेकेदाराचे, त्यांचं तो बघतो.

नंदानगर

'तो बघतो' याचा कागद असतो, त्याला चलन म्हणतात. दर महिन्याला मागा. मुख्य नियोक्ता तुम्हीच, उद्या वसुली तुमच्याकडेच येईल.

हिशेबनीस

याला दुजोरा. आणि ईएसआयचा हिशेब बघाच. १ जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५. चौदा हजार पगारावर तुमचे ४५५, त्याचे १०५. त्यात त्याच्या सगळ्या कुटुंबाचा उपचार आला, आणि आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी. हे पैसे तुम्ही भरताच आहात. पण तुमच्या किती पोरांनी नंदानगरचा विमा दवाखाना आतून पाहिला आहे? बायकोमुलांची नावं जोडलेली नसतात, आधार जुळत नाही, मग ताप आला की गल्लीतल्या डॉक्टरला रोख देतात आणि तुमच्याकडे उचल मागतात. त्या मुलाच्या अ‍ॅपला दोनशे देण्याआधी एका कारकुनाला बसवून सगळ्यांचे कागद नीट करून घ्या. दुसरं असं की २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू आहेत. चाळिशीपुढच्या कामगाराची वार्षिक तपासणी त्यात तशीही मालकाकडेच आली आहे. तो मुलगा तीच तपासणी तुम्हाला पॅकेजमध्ये विकतोय.

मोल्डवाला

उचलीचं बरोबर ओळखलंत. महिन्याच्या वीस तारखेनंतर माझ्या केबिनबाहेर रांग असते.

अर्थशास्त्राची_बाई

मला त्या रांगेवरच बोलायचं आहे. (कॉलेजात शिकवते, त्यामुळे लांबेल. चहा घेऊन बसा.)

ओडिशात काही संशोधकांनी पानांच्या पत्रावळी करणाऱ्या मजुरांवर प्रयोग केला. काम नगावर, मजुरी तितकीच, एकूण पैसेही तितकेच. फरक एकच: काहींना मजुरीचा मोठा भाग आधी हातात दिला, काहींना शेवटी. दिवस असे निवडले होते की जेव्हा गावात लोकांकडे पैसा नसतो. ज्यांना आधी मिळाले त्यांचं तासाचं काम सुमारे ७ टक्क्यांनी वाढलं, आणि ज्यांची परिस्थिती जास्त ओढगस्तीची त्यांचं त्याहून जास्त. पत्रावळीतल्या चुकाही कमी झाल्या. पैसे मिळाल्यावर लोकांनी आधी उधाऱ्या फेडल्या. डोक्यातली वाण्याची उधारी उतरली की हात नीट चालतो, इतकंच. विचार करा, यात मालकाचा एक रुपयाही जास्त गेला नाही, गेली ती फक्त तारीख.

आता तुमचा मे महिना. देशभरच्या कारखान्यांची आकडेवारी घेऊन सोमनाथन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवलं की वर्षाचं तापमान एक अंशाने वाढलं की कारखान्याचं उत्पादन सुमारे २ टक्क्यांनी घटतं. यंत्राला काही होत नाही, माणूस मंदावतो आणि खाडे वाढतात. जिथे हवा थंड ठेवली होती तिथे घट बरीच आटोक्यात राहिली. बंगळूरच्या कपड्यांच्या कारखान्यांत तर हे जवळजवळ अपघातानेच कळलं. विजेचं बिल कमी करायला शिवणयंत्रांवरचे जुने दिवे काढून एलईडी बसवले. ते कमी तापतात, त्यामुळे ओळीतली उष्णता उतरली आणि कडक उन्हाच्या दिवसांत काम वाढलं. वीजबचतीवरच खर्च वसूल करायचा तर तीन वर्षांच्या वर लागले असते. वाढलेलं काम धरलं तर वर्षाच्या आत वसूल.

सगळंच असं गोड नसतं. चेन्नईत गरीब वस्तीतल्या लोकांना रात्री जास्त झोप मिळावी म्हणून डोळ्यांवरची पट्टी, कानातले बोळे, पंखे दिले. झोप रोजची सुमारे २७ मिनिटांनी वाढली आणि कामात काहीच फरक पडला नाही. उलट कामाच्या जागी दुपारी अर्धा तास डुलकी दिली तर तेवढाच वेळ नुसतं बसलेल्यांपेक्षा काम चांगलं झालं, पण तो अर्धा तास कामच करत राहिलेल्यांइतकी कमाई झाली नाही. वस्तीतल्या गोंगाटात, डासांत घेतलेली झोप तुकड्यातुकड्यांची असते, मिनिटं वाढवून भागत नाही. म्हणून 'कामगाराचं भलं केलं की नफा वाढतोच' असं वर्गात कोणी म्हणालं तर मी त्याला उभं करते.

पीथमपूर_बी_शिफ्ट

बाईंचं पटलं, पण माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट कोणीच काढली नाही: तास. मोल्डवाला, पंचेचाळीस माणसं आणि दोन पाळ्या म्हणजे बारा-बाराच्या ना?

मोल्डवाला

हो. चार तास ओव्हरटाइम. पोरंच मागतात, ओव्हरटाइम नसेल तर सोडून जातात.

पीथमपूर_बी_शिफ्ट

मागतात कारण आठ तासांच्या पगारात भागत नाही. मीही मागायचो. इंदूरहून बस, मग बारा तास, परत बस. घरी मुलगा झोपलेला, निघताना झोपलेला. शेवटच्या दोन तासांत मी काय काम करायचो ते मलाच माहीत. गेज लावल्यासारखं करायचं आणि टिक मारायची.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायापुरुषांना सत्तर-सत्तर तास जुंपलं होतं. तेव्हाच्या सरकारी समितीने नोंदी ठेवल्या. त्या नोंदी एका अर्थशास्त्रज्ञाने शंभर वर्षांनी परत तपासल्या तर आठवड्याला ७० तासांत निघालेला माल ५६ तासांच्या मालापेक्षा फारसा जास्त नव्हता. मधले चौदा तास मालकाने पैसे देऊन थकवा विकत घेतला. ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने द्यायचा असतो (तुम्ही देता असं धरून चालतो), म्हणजे सगळ्यात महाग तास हा सगळ्यात टाकाऊ तास. आणि जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांचा २०२१ चा अहवाल आहे: ३५-४० तासांच्या तुलनेत आठवड्याला ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्क्यांनी जास्त.

हिशेबनीस

तिसरी पाळी सुरू केली तर माणसं वाढतील, पगाराचा बोजा वाढेल. पण दुप्पट दराचे तास जातील. मोल्डवाला, हे कागदावर करून बघण्यासारखं आहे. मला वाटतं फरक तुम्ही समजता त्यापेक्षा कमी निघेल.

मोल्डवाला

करतो. पण काका, आहेत तीच माणसं मिळत नाहीत, तिसऱ्या पाळीला कुठून आणू?

परदेशीपुरा_शिलाई

एवढे सगळे अभ्यास वाचले. मी रेडिमेडच्या युनिटमध्ये लाइन सांभाळते, तिथलं एक सांगू? आमच्याकडे बायका दुपारनंतर डोकं दुखतं म्हणून बसायच्या, अर्ध्या दिवसाची सुट्टी मागायच्या. मालकांना वाटायचं नखरे. कारण एवढंच होतं की त्या पाणी पीत नव्हत्या. संडास एक, पुरुषांच्या बाजूने जावं लागायचं, आतून कडी नाही, आणि चावी सुपरवायझरकडे. मग कोण पाणी पिणार? मे महिन्यात, लोखंडी पत्र्याखाली! लघवीच्या जळजळीच्या गोळ्या पर्समध्ये ठेवून बायका काम करत होत्या.

वेगळा संडास, कडी, दिवा, बादली. दारापुढे एक आडोसा. एवढ्यावर दुपारच्या सुट्ट्या बऱ्याच कमी झाल्या. याला कोणी येऊन प्रेझेंटेशन देत नाही, कारण यात विकण्यासारखं काही नाही.

मोल्डवाला दादा, तुमच्याकडे बायका किती?

मोल्डवाला

पॅकिंगला अकरा. संडास वेगळा आहे. (कुलूप असतं. चावी ऑफिसात. बाहेरचे ट्रकवाले घाण करतात म्हणून.)

परदेशीपुरा_शिलाई

बरं.

सुपरकॉरिडॉर

हे 'बरं' मराठी बायका कोणत्या सुरात म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे, दादा.

सराफा_रात्री_१२

धागा गंभीर झाला. चावी द्या हो त्यांना.

नंदानगर

ताईंनी चार ओळींत सांगितलं ते कोणत्याही अभ्यासापेक्षा मोठं आहे. आता माझा मूळ आक्षेप. समजा या सगळ्याने उत्पादन वाढलं. ते वाढलेलं जातं कोणाकडे? बाई, तुमच्या त्या बंगळूरच्या कारखान्यांतलाच दुसरा अभ्यास सांगा ना, बायकांच्या प्रशिक्षणाचा.

अर्थशास्त्राची_बाई

पकडलंत. हो. शिवणकाम करणाऱ्या बायकांना बोलणं, वेळेचं नियोजन, अडचण मांडणं, पैशाचा व्यवहार असं प्रशिक्षण दिलं. घेणाऱ्यांची निवड सोडतीने. त्यांचं काम सुमारे १३ टक्क्यांनी वाढलं. कंपनीला खर्चाच्या कितीतरी पट परतावा, तोही कार्यक्रम संपल्यावर आठ महिन्यांतच. पगार वाढला अर्धा टक्का.

नंदानगर

बास. माझं भाषण संपलं.

हिशेबनीस

नंदानगर, मला तुमचा राग कळतो, पण बाजू दुसरीही आहे. कंपनीला परतावा मिळाला नसता तर दुसऱ्या वर्षी तो वर्ग भरलाच नसता. टाटांच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ ला आला, मोफत औषधोपचार १९१५ ला, भरपगारी रजा आणि प्रॉव्हिडंट फंड १९२० ला. तेव्हा देशात तसा कायदा नव्हता. जंगलात पोलाद करायचं तर कसबी माणसं तिथे येऊन राहायला हवी होती, हा व्यवहारच होता. आणि व्यवहार होता म्हणूनच तो टिकला. मालकाच्या चांगुलपणावर चाललेली गोष्ट मालक बदलला की बंद पडते, हे मी पाहिलेलं आहे.

नंदानगर

काका, त्याच जमशेदपुरात १९२० ला संपही झाला होता, ते साल दोन्हीकडे सारखंच आहे बघा. आणि व्यवहारावर चाललेली गोष्ट व्यवहार बदलला की बंद पडते. कापडाला भाव होता तोवर इंदूरच्या गिरण्यांनीही पुष्कळ केलं.

अर्थशास्त्राची_बाई

दोघांचं म्हणणं दोन वेगळ्या खर्चांबद्दल आहे असं मला वाटतं. पंखा, पगाराची तारीख, तास या गोष्टी मालकाला परवडतात असं दाखवता येतं, तेव्हा जरूर दाखवावं. पण संडास, चलन, ओव्हरटाइमचा दुप्पट दर यांचा परतावा काढत बसूच नये. नाही निघाला तर काय, कडी काढून टाकणार? वाढलेल्यातला वाटा कामगाराला मिळतो का हे मात्र त्याला शेजारच्या शेडमध्ये जाता येतं का आणि तो चार जणांना घेऊन केबिनमध्ये बोलायला येऊ शकतो का, यावर ठरतं. सांवेर रोडवर त्यातलं पहिलं तरी आहे. पाचशेसाठी जाणारी ती पोरं तुमच्याशी वाटाघाटीच करत आहेत हो, फक्त पायांनी.

मोल्डवाला

सगळ्यांचे आभार, अगदी मनापासून. हजेरीपट काढला. गेल्या वर्षी पंचेचाळीस जागांवर एकसष्ट नवी नावं आहेत. भाऊ म्हणाला, "इतकी?" नव्यांचं रिजेक्शन काढायला पाळीवार नोंदच नाही, फक्त मशीनवार आहे. ती उद्यापासून सुरू.

आणि बाईंचं वाचून शेडमध्ये उभा राहिलो. साच्याला थंड पाणी द्यायला आमच्याकडे चिलर आहे, त्याचं तापमान दर तासाला लिहितात. ऑपरेटरच्या उभं राहायच्या जागी थर्मामीटर लावायचं इतक्या वर्षांत कोणाला सुचलं नव्हतं. आज दुपारी लावलं. छताचा पत्रा तापलेला, शेजारी प्लास्टिक वितळवणारे दोनशे अंशांच्या वरचे बॅरल उघडे. ४४ दाखवलं, बाहेर ४० होते.

ठरवलंय ते असं. अ‍ॅप नाही. बॅरलना इन्सुलेशनची जाकिटं (वीजही वाचेल, भावाला तेवढं पुरे), छतावर पांढरा रंग आणि टर्बो व्हेंटिलेटर. पगार महिन्याऐवजी पंधरवड्याला. तिसऱ्या पाळीचा कागद काकांनी सांगितला तसा करतोय, पण या उन्हाळ्यात जमेल असं वाटत नाही. पगारवाढीवर भावाशी बोलणं चालू आहे, तिथे अजून अडलंय.

पीथमपूर_बी_शिफ्ट

जाकिटं उत्तम. कूलर लावायचे तर इंदूरच्या कोरड्या मेमध्ये छान चालतात, जुलैत दमट हवा आली की बंद करा, नाहीतर अजून घाम. आणि तासांचं 'या उन्हाळ्यात नाही' हे लक्षात ठेवतोय.

हिशेबनीस

एक सूचना. सगळं एकदम करू नका. आधी निम्म्या मशिनींना जाकिटं लावा, निम्म्या तशाच ठेवा, पंधरा दिवस दोन्हीकडचं रिजेक्शन आणि खाडे लिहा. नाहीतर पाऊस आला आणि सुधारलं तर श्रेय कोणाला द्यायचं ते कळणार नाही. जुने वस्ताद ऑपरेटर मुद्दाम एकाच बाजूला ठेवू नका, नाहीतर तेच इलिनॉयचं होईल.

परदेशीपुरा_शिलाई

चावीचं राहिलं.

मोल्डवाला

ताई, कुलूप काढलं. आतून कडी लावली. ट्रकवाल्यांसाठी गेटजवळ वेगळा बांधतोय, मिस्त्री सोमवारी येतोय.

काका, एक विचारायचं होतं. पगार पंधरवड्याला दिला तर पीएफ-ईएसआयचं चलन पण दोनदा भरावं लागेल का?

हिशेबनीस

नाही, चलन महिन्याचंच. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. पंधरवडा संपला की दोन दिवसांत पगार खात्यात जायला हवा, तेवढं पाळा. पहिला पगार देताना पोरांना समजावून सांगा की निम्मा आलाय, कापलेला नाही. नाहीतर त्याच दिवशी केबिनबाहेर रांग लागेल.